मुशीत गेलेलं ताट आणि मागे उरलेली वाटी



सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या दिवाळीनंतर आम्ही तिघी जावा आणि नणंदबाई, अशा चौघी माजघरात बसलो होतो आणि त्यांच्या चांदीच्या भांड्यांचा विषय निघाला. एक ताट, एक तांब्या, त्यावरचं भांडं, दोन मोठ्या वाट्या, एक अत्तरदाणी आणि एक लहान वाटी. ही लहान वाटी बाहेरून चांदीची आणि आतून सोनेरी. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांचं उष्टावण त्या वाटीतल्या खिरीनं झालं. काठाशी, जिथं चमचा घासतो, तिथला सोनेरी रंग उडून खालची पांढरी चांदी दिसते.

भांडी सात, वाटे चार. धाकटी जाऊ म्हणाली, "अक्का, सगळं मोडून टाकू. वजनावर चार भाग करू. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही."

"मोडायचं नाही," मी म्हणाले. इतक्या जोरात म्हणाले की नणंदबाईंनी हातातला कप खाली ठेवला.

विषय तिथंच थांबला, पण माझ्या डोक्यातून जाईना. मोडायचं नाही म्हणजे का नाही, याचं उत्तर माझ्याजवळही नव्हतं. ते शोधता शोधता मी पार फ्रान्सच्या राजवाड्यापर्यंत जाऊन आले, आणि तिथून परत आपल्या कागलच्या एका लेकीपर्यंत. तेच आज तुम्हाला सांगते.

माहेर घडवणारं, सासर वितळवणारं

माझं माहेर हुपरीचं. कोल्हापूर जिल्ह्यातलं हे गाव चांदीचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. आमच्या लहानपणी घराघरात पैंजणाच्या कड्या जुळवायचं काम चाले. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि आईशेजारी बसून हाताला लागेल ते काम करायचं. चांदी ही घडवायची वस्तू, एवढंच मला ठाऊक होतं.

लग्न होऊन विट्याला आले आणि उलटं जग पाहिलं. विटा, खानापूर, आटपाडी हा सगळा दुष्काळी पट्टा. पावसाचा भरवसा नाही, शेतीत भागत नाही, म्हणून इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडली आणि सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात शिरली. देशातल्या कितीतरी सराफ बाजारांत, पार केरळपासून काश्मीरपर्यंत, मागच्या बोळात भट्टी लावून बसलेला माणूस आपल्या भागातला निघतो. सराफाकडे आलेला जुना दागिना मुशीत घालायचा, टाकणखार टाकायचा, वितळवायचा, तेजाबानं सोनं आणि चांदी वेगळी करायची, कस काढायचा आणि शुद्ध लगड सराफाच्या हातात द्यायची, हे त्यांचं काम. विट्यातले कितीतरी बंगले या धंद्यावर उभे आहेत. वर्षभर कुलूप, जत्रेला आणि दिवाळीला तेवढे उघडतात. आमचं घर सुताच्या व्यापारातलं, यंत्रमागवाल्यांना सूत पुरवणारं. पण शेजार सगळा गलाईवाल्यांचा.

शेजारचे एक दादा चाळीस वर्षं परराज्यात भट्टी चालवून आता गावी परतले आहेत. मी ती लहान वाटी घेऊन त्यांच्याकडे गेले. "दादा, यात सोनं किती असेल हो?"

त्यांनी चष्मा लावला, वाटी उजेडात धरली, नखानं कड घासली आणि हसले. "वहिनी, हा मुलामा. जुना, पाऱ्यावरचा दिसतोय. यातलं सोनं काढायला जेवढं तेजाब लागंल, तेवढी पण त्याची किंमत व्हायची नाही. चांदीच्या भावातच जाणार ही."

"अशी भांडी किती वितळवली असतील तुम्ही आजवर?"

ते जरा वेळ गप्प बसले. "मोजली कुणी वहिनी? मोठमोठ्या घरांतलं काय काय यायचं. मोर, हत्ती, वेलबुट्टी. नीट बघायला पण वेळ नसायचा. मुशीत गेलं की सगळं एकच."

हे शेवटचं वाक्य माझ्या मनात रुतून बसलं.

पाऱ्यावरचं सोनं

घरी येऊन सुनेला सांगितलं. तिनं मोबाइलवर शोधून दिलं की सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीला फ्रेंच लोक 'व्हर्मेय' म्हणतात, आणि एकेकाळी या कामात पॅरिसच्या सोनारांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मग काय, मी वाचतच सुटले.

जुनी रीत अशी. शुद्ध सोनं पाऱ्यात मुरवून लोण्यासारखा लगदा करायचा. तो चांदीच्या भांड्यावर सारवायचा आणि भांडं निखाऱ्यावर धरायचं. पारा वाफ होऊन उडून जातो आणि सोनं चांदीला धरून बसतं. मग गुळगुळीत दगडानं घासून त्याला चकाकी आणायची. आपल्याकडेही देवळांच्या कळसांना आणि पूजेच्या उपकरणांना असाच मुलामा देत.

चांदीला सोनं चढवायचं ते केवळ डामडौलासाठी नाही. चांदी काळी पडते ती गंधकानं. अंडी, कांदा, मोहरी यांचा संबंध आला की फ्रेंचांच्या चांदीचं तोंड काळं व्हायचं. मीठही तिला खातं, म्हणून मिठाची भांडी हमखास आतून सोनेरी. फळं आणि गोड खायचे काटे, सुऱ्या, चमचेही मुलामा दिलेले, कारण सोन्याला आंबट लागत नाही. मला हसू आलं. अंडी आणि कांदा नाहीत म्हटल्यावर फ्रेंचांची अर्धी अडचण आपल्या स्वयंपाकघरात येतच नाही!

पण पुढचं वाचून हसू गेलं. ती पाऱ्याची वाफ विषारी. मुलामा देणाऱ्या कारागिरांचे हात कापायला लागत, दात पडत, माणसं अकाली जात. १८४० च्या सुमारास विजेनं मुलामा देण्याची रीत आली आणि पॅरिसच्या क्रिस्टोफ्ल या कारखान्यानं १८४२ मध्ये तिचे हक्क घेतले, तेव्हापासून हे काम हळूहळू मागे पडलं. त्याआधीची शेकडो वर्षं राजाच्या ताटाची झळाळी कुणाच्या तरी श्वासातून आलेली होती. रेशीम नेसताना आपल्यातल्या कित्येकींना किडा आठवतो, म्हणून त्या रेशीम टाळतात. ताटात काय वाढलंय हे आपण फार बारकाईनं पाहतो. ताट कसं घडलं, हे मात्र मीही कधी विचारलं नव्हतं.

राजाचीही चांदी मोडते

फ्रान्सचा राजा चौदावा लुई. त्यानं व्हर्सायच्या राजवाड्यात चांदीचं सामान करून घेतलं होतं. नुसती ताटंवाट्या नाहीत, तर चांदीची टेबलं, मोठमोठ्या समया, आरशांच्या चौकटी, संत्र्याची झाडं लावायची चांदीची पिंपं! राजाचा चित्रकार ल ब्रँ यानं आकृत्या काढून दिल्या आणि उत्तमोत्तम सोनारांनी वर्षानुवर्षं खपून ते घडवलं. परदेशचे वकील यायचे आणि पाहून थक्क व्हायचे.

मग युद्ध लागलं. अर्ध्या युरोपशी वैर, सैन्याला पगार द्यायला पैसा नाही. १६८९ च्या डिसेंबरात राजानं हे सगळं सामान टांकसाळीत पाठवलं. सुमारे २० टन चांदी वितळवून तिची नाणी पाडली. १६८९ हे साल आपल्या काळजात कोरलेलं आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये औरंगजेबानं संभाजी महाराजांची हत्या केली. इकडे रयतेवर आकाश कोसळलं होतं, आणि तिकडे जगातला सगळ्यांत दिमाखदार राजा घरातली चांदी मोडत होता.

मी कॉमर्सची पदवीधर, त्यामुळे माझं लक्ष हिशेबाकडे गेलं. चांदी वितळली की धातूचा भाव मिळतो, घडणावळ बुडते. लुईच्या सामानात चांदीच्या किमतीपेक्षा घडणावळच कितीतरी जास्त होती. ती सगळी राखेत गेली. आपण जुना दागिना सराफाकडे मोडायला नेतो तेव्हा अगदी हेच होतं. राजाचं खातं आणि आपलं खातं, नियम एकच.

आणि हे एकदाच झालं नाही. १७०९ मध्ये भयंकर थंडी पडली, पिकं गेली, दुसरं युद्ध चालूच होतं. राजानं पुन्हा भांडी टांकसाळीला दिली, सरदारांनाही द्यायला लावली. चांदीच्या ताटात जेवणारे मोठमोठे ड्यूक चकचकीत मुलामा दिलेल्या मातीच्या ताटांत जेवायला लागले. त्या मातीच्या भांड्यांचा धंदा मात्र त्यामुळे भरभराटीला आला. १७५९ मध्ये, म्हणजे आपल्या पानिपताच्या दोन वर्षं आधी, पंधराव्या लुईनं तेच केलं. १७८९ ला राज्यक्रांती झाली तेव्हा सोळाव्या लुईनंही टांकसाळीची वाट धरली आणि मागोमाग चर्चमधली चांदीही गेली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की या लोकांची भांडी ही त्यांची बँक होती. सुगीच्या दिवसांत तिच्यात जेवायचं, अडचणीच्या दिवसांत ती मोडायची. आपल्या आज्यांनी दंडातल्या वाकीकडे याच नजरेनं पाहिलं. लुईच्या वेळी ती नजर घर चालवण्यासाठी नव्हती, लढाईसाठी होती, एवढाच फरक.

परक्या घरी गेली ती वाचली

मग आज जी जुनी फ्रेंच चांदी संग्रहालयांत दिसते ती कुठून आली? इथं मोठी गंमत आहे. तिच्यातली कितीतरी फ्रान्समध्ये राहिलीच नव्हती, म्हणून वाचली.

१७५५ च्या नोव्हेंबरात लिस्बनला प्रचंड भूकंप झाला. गोव्यावर ज्यांचं राज्य होतं त्या पोर्तुगालच्या राजाचा वाडाच जमीनदोस्त झाला. राजानं पुढच्याच वर्षी पॅरिसच्या फ्राँस्वा-तोमा जेर्मँ या सोनाराकडे जेवणाच्या भांड्यांचा नवा संच करायला टाकला. तो पोर्तुगालमध्ये आजही पाहायला मिळतो. रशियाच्या कॅथरीन राणीनं १७७० मध्ये पॅरिसच्या रोतिये सोनारांकडे तब्बल तीन हजारांच्या आसपास नगांची मागणी नोंदवली आणि तो संच आपल्या मर्जीतल्या ओर्लोव्ह सरदाराला दिला. तो वारल्यावर तिनं तो परत विकतही घेतला!

म्हणजे पाहा, माहेरी राहिली ती आटली आणि सासरी गेली ती टिकली.

ज्यांनी ही भांडी घडवली त्यांचं काय झालं, तेही सांगते. जेर्मँ म्हणजे राजाचा सोनार, त्याचा बापही राजाचाच सोनार. पण १७६५ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. पुढच्या पिढीतला आंरी ओग्युस्त हा नेपोलियनचा सोनार. १८०४ मध्ये नेपोलियन बादशहा झाला तेव्हा पॅरिस शहरानं त्याला सोनेरी मुलाम्याचा थोरला संच भेट दिला, तो याच ओग्युस्तच्या हातचा. हजाराच्या वर नग. त्यात बादशहा आणि बादशहीण यांच्यासाठी एकेक गलबताच्या आकाराचं भांडं होतं, मेजावर त्यांच्यासमोर ठेवायचं. त्या हजारांतले थोडेच नग आज शिल्लक आहेत. आणि ओग्युस्त? तोही कर्जात बुडाला, देश सोडून पळाला आणि १८१६ मध्ये दूर हैतीच्या बेटावर मेला. चांदी आगाऊ विकत घ्यायची, कारागिरांना मजुरी द्यायची, आणि गिऱ्हाईक असं की ज्याच्या दारात वसुलीला जायची सोय नाही. ज्यांच्या घरी धंदा आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

कागलची लेक आणि माणिकबागेतलं टेबल

काही वर्षांपूर्वी आम्ही सिद्धवरकूट आणि बावनगजाच्या यात्रेला गेलो होतो. इंदूरला मुक्काम होता. सर सेठ हुकुमचंदजींनी बांधलेलं काच मंदिर पाहिलं, भिंती, खांब, छत, सगळं काचेनं मढवलेलं. तिथून जाताना रिक्षावाल्यानं एका फाटकाकडे बोट केलं, "ये माणिकबाग, होलकर महाराज का महल. अब टॅक्स का ऑफिस है." आम्ही "हो का" म्हणून पुढे गेलो. आता वाचन झाल्यावर हळहळ वाटते, की निदान उतरून फाटकातून तरी बघायचं होतं.

इंदूरचे यशवंतराव होळकर, दुसरे, यांचा जन्म १९०८ चा. वडिलांना १९२६ मध्ये गादी सोडावी लागली आणि वयाच्या अठराव्या वर्षी हे महाराज झाले. त्यांच्या पत्नी संयोगिताबाई या आपल्या कागलच्या घाटगे घराण्यातल्या. राजर्षी शाहू महाराज जन्मानं कागलचेच घाटगे. मराठा घरातली मुलगी धनगर राजघराण्यात सून म्हणून गेली, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

या तरुण जोडप्यानं १९३० ते १९३३ या काळात माणिकबाग बांधून घेतली. एकार्ट मुथेसियस हा जर्मन वास्तुरचनाकार त्यांच्याच पिढीतला. राजवाडा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं झुंबरं आणि वाघाची कातडी येतात. इथं त्यातलं काही नाही. सरळ रेषा, लोखंड, काच, उघडा उजेड. काच आणि धातूचे पलंग, साधे दिसणारे पण अतिशय महागडे गालिचे, शिल्पकार ब्रांकुशीचे तीन पक्षी. आणि जेवणाच्या मेजावर चांदी पॅरिसच्या जाँ प्युइफोर्काची.

हा प्युइफोर्का मला फार आवडला. घराणं १८२० पासून या धंद्यातलं. वडील जुन्या फ्रेंच चांदीचे मोठे संग्राहक, मुशीतून वाचलेलं जे काही बाजारात येईल ते जमवणारे. त्यांच्या संग्रहातला मोठा भाग पुढे लुव्र संग्रहालयात गेला. असल्या बापाच्या पोटी जन्मलेल्या जाँनं नक्षीच सोडून दिली. गोल, नळी, शंकू एवढ्याच आकारांत भांडं घडवायचं. फूल नाही, पान नाही, सिंह नाही. प्रमाण इतकं नेमकं की दुसऱ्या शोभेची गरजच लागू नये. त्याची भांडी चित्रात पाहिली तेव्हा मला आपल्या चौक्यातली तांब्या-पितळेची साधी भांडी आठवली. अर्थात किमतीत जमीन-अस्मानाचं अंतर!

संयोगिताबाईंना ते घर फार काळ लाभलं नाही. १९३७ मध्ये, ऐन तारुण्यात, त्या स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. १९६१ मध्ये महाराज गेले. १९८० मध्ये माणिकबागेतलं सामान युरोपात मोनॅकोला लिलावात निघालं आणि जगभर पांगलं. २०१९ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात या महाराजांवर मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा ठिकठिकाणच्या मालकांकडून वस्तू मागवून त्या पुन्हा एकत्र मांडल्या होत्या. कागलच्या लेकीच्या घरातलं सामान पाहायला पॅरिसमध्ये लोक तिकीट काढून जात होते.

यात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटली. माणिकबागेचं सामान विखुरलं, पण वितळलं नाही. ते कुणी केलं, कुणासाठी केलं, कोणत्या खोलीत कुठं ठेवलं होतं, याची चोख नोंद होती. फोटोही काढून ठेवले होते. नोंद होती म्हणून वजनापलीकडची किंमत टिकली. चौदाव्या लुईची चांदी वितळली, तरी आपण आज तिच्याबद्दल बोलू शकतो, कारण राजवाड्याच्या याद्या आहेत आणि काही भांडी गोबलँच्या विणलेल्या पडद्यांवर चितारलेली आहेत. विट्याच्या दादांनी वितळवलेल्या मोर-हत्तींची यादी कुठंच नाही.

ज्यांना भांडंच लागत नाही

माणिकबाग उभी राहत होती त्याच काळात आपले चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज उत्तर हिंदुस्थानात विहार करत होते. जन्म १८७२ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे, म्हणजे आपल्याच भागातले. दिवसातून एकदा, उभं राहून, ओंजळीत आहार. ताट नाही, वाटी नाही, तांब्या नाही. श्राविका ओंजळीत घास ठेवते, तेवढंच. आपण चौका लावतो तेव्हा हे कितीदा पाहतो, पण जगातल्या सगळ्या जेवणाच्या भांड्यांना हे केवढं मोठं उत्तर आहे, हे मला राजांच्या ताटांबद्दल वाचल्यावर कळलं.

आपण गृहस्थ. आपल्याला ओंजळ पुरणार नाही. म्हणून आपल्यासाठी परिग्रहपरिमाण सांगितलं, मर्यादा ठरवून घ्या. तिच्यात शेत, घर, सोनं, चांदी, धान्य, सगळं मोजलेलं आहे. पण तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलेली नाही, मूर्च्छेवरून केली आहे. वस्तूत जीव अडकणं, 'हे माझं' म्हणणं, तो परिग्रह.

हे मी दशलक्षणात दरवर्षी ऐकते. त्या दिवाळीनंतर मात्र ते मला स्वतःवर लावून बघावं लागलं, कारण महिन्याभरानं नणंदबाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही रागावणार नसाल तर सांगते. धाकटीच्या मुलाची पुण्यात कॉलेजची फी भरायची आहे. मागाचा धंदा वर्षभर मंदा आहे. ती तुमच्यापुढं बोलणार नाही."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ बसून राहिले. मी चांदी वाचवायला निघाले होते आणि माझ्या एका ओरडण्यानं धाकटीचं तोंड बंद झालं होतं. राजानं युद्धासाठी भांडी मोडली याचं मला वाईट वाटलं, ते योग्यच. पण घरातल्या पोराच्या शिक्षणासाठी भांडी मोडणं हा त्या चांदीचा सगळ्यांत चांगला उपयोग होता. सासूबाई असत्या तर त्यांनी स्वतःच ताट काढून दिलं असतं. अडलं होतं ते माझं.

नोंद

दुसऱ्या दिवशी मी धाकटीकडे गेले. "मोडू," म्हणाले. "माझा वाटा पण तू घे." ती म्हणाली, "नको अक्का. वाटणी ती वाटणी. माझं मला पुरे." तिचं बरोबर होतं.

मोडण्याआधी मात्र मी एक दिवस मागून घेतला. प्रत्येक भांडं घासून पुसून खिडकीच्या उजेडात ठेवलं. नातीनं फोटो काढले. मी वहीत लिहिलं, भांड्याचं नाव, वजन, कुठून आलं, कुणाच्या वेळी वापरलं. ताटाच्या काठावर सासूबाईंचं माहेरचं नाव कोरलेलं होतं. इतकी वर्षं घासलं, पण कधी वाचलं नव्हतं. नणंदबाईंनी ओळखलं, "अगंबाई, हे तर आईचं लग्नाआधीचं नाव!" त्या नावानं त्यांना कुणी हाक मारलेली आम्ही कुणीच ऐकली नव्हती. आता ते वहीत आहे.

अत्तरदाणी नणंदबाईंना हवी होती, ती त्यांच्या वाट्यात वजनावर धरली. बाकी घेऊन शेजारच्या दादांबरोबर आम्ही गेलो. मी मुद्दाम थांबून पाहिलं. मावावं म्हणून दादांनी ताट दुमडलं आणि मुशीत घातलं. आधी ते लाल झालं, मग कड वाकली, मग नाव गेलं. शेवटी मुशीत एक पांढराशुभ्र, थरथरणारा गोळा उरला. हुपरीला मी चांदीचा जन्म पाहिला होता, विट्याला तिचा अंत पाहिला. पण अंत तरी कसा म्हणायचा? ती लगड सराफाकडे जाणार, आणि कदाचित हुपरीलाच कुणाच्या हातात पैंजण होऊन येणार. द्रव्य तेच, पर्याय बदलला. पाठशाळेत पाठ केलेलं हे वाक्य मला त्या भट्टीपुढं समजलं.

लहान वाटी मात्र राहिली. तिला राखायचं असं कुणी ठरवलं नाही. ती इतकी हलकी होती की तिच्यासाठी कुणीच हट्ट धरला नाही. दादांच्या हिशेबानं तिच्यातलं सोनं काढण्याच्याही लायकीचं नव्हतं, म्हणून ती वाचली. आता ती कुणा एकीची नाही. ज्या घरात उष्टावण असेल त्या घरी जाते. माघात नणंदबाईंच्या नातीचं झालं, सध्या त्यांच्याकडेच आहे. काठाचा मुलामा आणखी थोडा गेला असेल. जाऊ दे.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी जुनं काही मोडायची वेळ आली तर खुशाल मोडा. ज्याला गरज आहे त्याच्याआड वस्तूचं प्रेम येऊ देऊ नका. फक्त त्याआधी एक दिवस मागून घ्या. फोटो काढा, वजन लिहा, कोरलेलं नाव वाचा, आणि कुणी कुणाला कधी दिलं ते घरातल्या सगळ्यांत वडील माणसाला विचारून ठेवा. पन्नास पैशांची शाई लागते, आणि त्याला घडणावळ नाही.

जय जिनेंद्र.